पाटोळेमामांच्या जोड्या

जुलै १९५६, तिसरा रविवार, दुपारची उपासना संपल्यावर. जागा: एग्मोरच्या तमिळ चर्चमागचा हॉल, जो आम्हा मराठी ख्रिस्ती मंडळीला रविवारी दुपारपुरता वापरायला मिळत असे. हजर: उपासना चालवणारे मंडळीचे वडील, म्हणजे एल्डर, श्री. भालेराव, लष्कराच्या हिशेब कार्यालयातले. सौ. यमुनाबाई आढाव, घरी शिवणकाम. मी, मंडळीची चिटणीस, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये नोकरी. रेल्वेतली पाच-सहा कुटुंबं. नर्सिंग शिकणाऱ्या दोन मुली. आणि हॉलच्या दारापाशी एक अनोळखी गृहस्थ, जे कुणी सांगितलं नसताना चटया गुंडाळत होते.

विषय: मंडळीची कामं वाटून घेणे.

भालेरावांनी समित्या काढून आणल्या होत्या. ते समितीचं नाव वाचणार, ज्याला त्या कामाची इच्छा असेल त्यानं हात वर करायचा, मी नाव लिहून घ्यायचं. गायनाला हॉलभर हात वर झाले. नाताळच्या कार्यक्रमालाही झाले. हॉल झाडण्याच्या कामाला एकच हात वर गेला आणि तोही केस सारखे करून खाली आला. आजाऱ्यांच्या भेटींना भालेरावांनी स्वतः हात वर केला आणि सगळ्यांकडे बघत तसाच ठेवला, तेव्हा लाजेकाजेस्तव आणखी तिघांचे वर आले.

"वडील," दारातले गृहस्थ म्हणाले, "हात खाली घ्यायला सांगा. माणसं दमतील."

सगळे हसले. भालेराव हसले नाहीत. "आपण?"

"पाटोळे. शांतवन पाटोळे. भुसावळहून बदली झाली, पेरांबूरच्या रेल्वे कारखान्यात. ही आमची सुंदराबाई." त्यांच्या मागे ठेंगणीशी, हसऱ्या डोळ्यांची बाई उभी होती. "मी काय म्हणतो, मला या सगळ्यांच्या घरी एकेकदा चहा पिऊ द्या. मग कामं वाटू."

"म्हणजे समित्या तहकूब?"

"चहा होईपर्यंत."

"मद्रासेत चहा कुठला?" यमुनाबाई म्हणाल्या. "कॉफी मिळेल."

"मग कॉफी होईपर्यंत."

माझ्या कागदावर सगळी नावं लिहून झाली होती. मला त्या माणसाचा राग आला. पण पाटोळेमामांचं आमच्या मंडळीतलं काम असं सुरू झालं, आणि पुढची नऊ वर्षं मी त्यांच्याबरोबर ते केलं.

मामा उंच, हाडकुळे होते. एक खांदा दुसऱ्यापेक्षा खाली. कारखान्यात तरुणपणी काहीतरी पडलं होतं त्यावर. खाकी पँट, पांढरा शर्ट, आणि रविवारी त्यावर एक काळा कोट, जो मद्रासच्या उकाड्यात बघणाऱ्यालाच घाम आणी. पेरांबूरहून ते सायकलवर येत आणि मामींना मागे बसवून आणत. मामी टाळ मांडीवर घेऊन बसत. पुलाच्या चढावर मामा उतरून सायकल ढकलत, मामी मात्र उतरत नसत. "मी उतरले तर हे बोलत बोलत पुढे निघून जातील आणि मी मागे राहीन," असं त्या सांगत.

कॉफीचा कार्यक्रम त्यांनी खरोखरच पार पाडला. संध्याकाळी न सांगता यायचे. दारात उभे राहून विचारायचे, "येऊ का?" हो म्हटलं तरच चप्पल काढायचे. आत आले की कामाबद्दल अवाक्षर नाही. कॉफी प्यायची, घर बघायचं, घरातली माणसं एकमेकांशी कशी वागतात ते बघायचं. भालेरावांच्या घरी त्यांनी बघितलं की सभेत कुणाला बोलू न देणारा हा माणूस आपल्या बहिऱ्या आईला वर्तमानपत्रातली एकेक बातमी तिच्या कानाशी तोंड नेऊन, न कंटाळता, पुन्हा पुन्हा वाचून दाखवतो. यमुनाबाईंच्या घरी त्यांनी भाजीवालीशी चाललेलं भांडण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं आणि शेवटी त्या भाजीवालीलाच कॉफी मिळाली तेही बघितलं.

माझ्याकडे आले तेव्हा आई आणि मी दोघीच होतो. मामा स्वयंपाकघराच्या दारातून माझ्या फळीवरचे डबे न्याहाळत राहिले. प्रत्येक डब्यावर मी आतल्या जिनसाचं नाव चिकटवलेलं होतं.

"चिटणीसबाई, तुम्हाला आजाऱ्यांच्या भेटीला घ्यायला पाहिजे."

"का हो? माझं लिहिण्याचं काम बरं आहे."

"म्हणूनच. तिथे चिठ्ठी चिकटवण्यासारखं काही नसतं."

आजाऱ्यांच्या भेटी हे त्यांचं मुख्य काम. मद्रासच्या मोठ्या सरकारी दवाखान्यात त्या काळी कुणी ना कुणी मराठी माणूस असायचाच. रेल्वेतला खलाशी, पलटणीतला शिपाई, नोकरीसाठी आलेला आणि इथल्या तापानं आडवा झालेला. त्याला तमिळ येत नसे, वॉर्डातल्या कुणाला मराठी येत नसे. तो ख्रिस्ती असो नसो, आम्ही जायचो. हा मामांचा हट्ट होता आणि त्यावरून भालेरावांशी त्यांची पहिली चकमक झाली. दुसरी चकमक रघुनाथरावांवरून.

रघुनाथराव माझे शेजारी. तंजावरच्या जुन्या मराठी घराण्यातले, हिंदू, शाळेतून निवृत्त झालेले गणिताचे मास्तर. त्यांची मराठी म्हणजे पणजोबांच्या काळची, तिच्यावर तमिळ हेल. मामांनी त्यांच्याकडे एकदा कॉफी घेतली आणि दुसऱ्या आठवड्यात त्यांना दवाखान्याच्या जोडीत घातलं.

"पाटोळे, ते आपल्यातले नाहीत," भालेराव म्हणाले.

"ठाऊक आहे."

"मंडळीचं काम मंडळीतल्यांनी करायचं."

"वडील, परवा तुम्ही त्या शिपायाच्या वतीनं नर्सशी तमिळमध्ये बोललात. त्याला पोटदुखीची गोळी हवी होती. नर्सनं त्याला एनिमा दिला."

रघुनाथराव त्या रविवारी हॉलच्या पायरीपर्यंत आले, आत नाही. "मज उपासनेस बसणें जमणार नाहीं, पाटोळे. घरांत देव आहेत."

"तुम्ही वॉर्डात बसा. इथे आम्ही बसतो."

"सरी, बरें," रघुनाथराव म्हणाले, "मग ठरलें."

साताऱ्याकडच्या एका आजारी गवंड्यानं त्यांची ती मराठी ऐकली आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदा हसला. "म्हातारबाबा, असं बोलणं आमच्याकडे तमाशातला राजा बोलतो." रघुनाथरावांना राग येईल असं मला वाटलं. ते म्हणाले, "राजेच होतों आम्ही. आतां तुमची चादर बदलूं द्या."

मामांची पद्धत अशी. कोणतंही काम एकट्याला द्यायचं नाही, जोडीला द्यायचं. आणि जोडी शक्यतो अशी, की जिच्यातल्या दोघांचं पटत नाही. कारण विचारलं तर म्हणत, "पटणारी माणसं एकमेकांकडे बघत बसतात. न पटणारी आजाऱ्याकडे बघतात."

भालेराव आणि यमुनाबाईंचं नाताळच्या नाटिकेवरून वाजलं होतं. मेंढपाळांचे कपडे यमुनाबाईंनी शिवले आणि भालेरावांनी सगळ्यांदेखत ते 'पोस्टमनचे वाटतात' असं म्हटलं. तेव्हापासून अबोला. मामांनी लगेच त्यांची जोडी लावली. बसमध्ये त्या पुढे बसत, हे मागे. दवाखान्याच्या फाटकावरचा शिपाई वेळ संपली म्हणून अडवी, तेव्हा यमुनाबाई अशा काही तमिळमध्ये सुरू होत की तो स्वतःच दार उघडी. भालेराव त्यांच्या पदराआडून आत शिरत. आत गेल्यावर आजाऱ्याच्या कानाशी बोलायचं काम भालेरावांचं, पेज भरवायचं यमुनाबाईंचं.

दर महिन्याला मामा विचारत, "समेट झाला का?"

"नाही," दोघं एकदम सांगत.

"मग चालू द्या. समेट झाला की जोडी बदलू."

त्यांचा समेट कधीच झाला नाही. निदान मामांना तसं कुणी सांगितलं नाही. यमुनाबाई सणाला भालेरावांच्या आईला लाडू पाठवत, पण ते माझ्या हातून, आणि मी कुणाला सांगायचं नाही या अटीवर.

भेटीला जाणाऱ्यांना मामांनी तीन वाक्यं बंद केली होती. 'लवकर बरं वाटेल.' 'देवाची इच्छा.' आणि 'माझ्या मेव्हण्याला अगदी हेच झालं होतं.' प्रार्थना आजाऱ्यानं मागितली तरच. फळं नेलीत तर चिरून द्यायची, नुसती ठेवून यायचं नाही. आणि सगळ्यात कडक नियम दाराचा. खाटेच्या चार पावलं अलीकडे थांबून विचारायचं, "येऊ का?" तो किंवा ती 'नको' म्हणाली तर सलाम करून परत फिरायचं. का म्हणून विचारायचं नाही, चेहरा पाडायचा नाही, पुढच्या वेळी पुन्हा विचारायचं.

"अंबत्तूरपर्यंत जाऊन परत यायचं?" मी एकदा विचारलं. तिथल्या एका कारखान्यात बोटं गमावलेला एक कामगार खोलीवर पडून होता. मामा आणि मी भर उन्हात आगगाडी आणि पायपीट करून गेलो होतो, आणि त्यानं भिंतीकडे तोंड करून 'नको' म्हटलं होतं.

"आजारी माणसाचं सगळं दुसऱ्यांच्या हातात जातं, बाई," मामा परतताना म्हणाले. "कधी उठवायचं, कधी झोपवायचं, कधी कपडे काढायचे. त्याच्या हातात एक 'नको' उरतं. तेवढं आपण काढून घ्यायचं नाही."

माझी पहिली भेट मला आठवते. माणदेशातला एक म्हातारा खलाशी, पोटात गाठ. मी तयारीनिशी गेले होते. पाणी भरलं, चादर ओढली, उशी झटकली, डॉक्टर कधी येतात ते विचारून आले, घरी कुणाला कळवायचं ते विचारलं. कळवायला कुणीच नव्हतं. मी आणखी काय करता येईल ते बघत इकडेतिकडे फिरत होते.

"चिटणीसबाई, बसा," मामा म्हणाले.

"अहो पण काहीतरी..."

"काही नाही. बसा."

बसले. म्हातारा छताकडे बघत होता. पंखा फिरत होता. शेजारच्या खाटेवर कुणीतरी कण्हत होतं. माझ्या हातांना काय करावं ते कळेना. बऱ्याच वेळानं तो म्हातारा कुणालाच न उद्देशून म्हणाला, "आमच्याकडं आता बाजरी कापणीला आली आसंल." मामा म्हणाले, "आली असेल." एवढंच. बाहेर आल्यावर मी चिडून म्हणाले, "आपण काय केलं तिथे?" मामा सायकलचं कुलूप काढत म्हणाले, "काही करता आलं नाही. पण ते त्याला एकट्याला बघायला लागलं नाही."

मला ते पटलं असं मी म्हणणार नाही. मला अजूनही हात रिकामे राहिले की अस्वस्थ व्हायला होतं. पण मी जात राहिले.

मामी गायच्या. मामांना सूर अजिबात नव्हता. भजनाच्या वेळी ते मुद्दाम शेवटच्या चटईवर बसत. मामींचा आवाज मात्र असा खणखणीत, की तमिळ चर्चचा राखणदार कामं टाकून खिडकीशी येऊन उभा राहायचा. नर्सिंगच्या मुलींना, रेल्वेतल्या बायकांना, जिला म्हणून तोंड उघडता येत होतं तिला मामींनी भजनं शिकवली. चुकलं की टाळ वाजवायच्या थांबायच्या आणि डोळे मिचकावून बघायच्या. "परत. तुझं पहिलं कडवं हुबळीला गेलं आणि दुसरं इथंच राहिलं."

१९६० च्या उन्हाळ्यात मामींना अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली, तोंड वाकडं झालं, बोलणं इतकं अस्पष्ट की मामांखेरीज कुणाला कळेना. रेल्वेच्या दवाखान्यातून त्यांना चौथ्या दिवशी घरी आणलं, तेव्हा आम्हाला कळलं. तोवर मामांनी कुणाला सांगितलंच नव्हतं.

आम्ही सगळे पेरांबूरला त्यांच्या रेल्वे क्वार्टरवर गेलो. मामा फाटकाशी आले. फाटक त्यांनी उघडलं नाही.

"येऊ का, मामा?" यमुनाबाईंनी विचारलं.

"थांबा." ते आत गेले, परत आले. "ती नको म्हणते."

आम्ही एकमेकांकडे बघितलं. नियम आम्हाला तोंडपाठ होता.

"बरं, मामींचं समजलं," मी म्हणाले. "तुम्हाला काही..."

"मी घरातला माणूस. मला विचारायचं नसतं. सलाम."

शेजारी नव्यानं राहायला आलेली चेल्लम्मा म्हणून एक तमिळ बाई मामा कामावर असताना मामींजवळ बसायची. यमुनाबाईंना ते फार लागलं. "परकी बाई चालते आणि आम्ही नाही?"

मामा पुढच्या रविवारी एवढंच म्हणाले, "चेल्लम्मानं तिला गाताना ऐकलेलं नाही."

तेव्हापासून दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी मामांना विचारायची, "मामींकडे येऊ का?" मामा हसत नसत, टाळत नसत. रीतसर निरोप घरी नेत आणि पुढच्या रविवारी रीतसर उत्तर आणत. "विचारलं. नको म्हणते." मग ते दवाखान्याच्या जोड्या लावायला बसत.

ते दिवसेंदिवस वाळत चालले. पहाटे उठून मामींचं सगळं करायचं, स्वयंपाक करायचा, भोंग्याला कारखान्यात, परत आल्यावर पुन्हा तेच. रविवारी चेल्लम्मा दुपारपुरती थांबायची म्हणून ते येऊ शकत. बोटांवर पोळल्याचे डाग. कोटाचं एक बटण तुटलं ते तुटलेलंच राहिलं. एकदा जोडी लावता लावता त्यांना बसल्या जागी झोप लागली आणि आम्ही सगळे, भालेरावसुद्धा, कुजबुजत बोलत राहिलो. शहरातल्या प्रत्येक मराठी खाटेशी आमचं माणूस पोचत होतं, आणि ज्यानं आम्हाला पोचायला शिकवलं त्याच्या घराच्या फाटकाशी आम्ही अडलो होतो.

त्यांच्या पाठीमागे यावर पुष्कळ बोलणं झालं.

"मी दवाखान्याच्या शिपायाला बाजूला सारते," यमुनाबाई म्हणायच्या, "त्या फाटकाचं काय एवढं? सरळ आत जाते, पदर खोचते, भांडी घासायला घेते."

"आणि मामी नको म्हणाल्या तर?" भालेराव म्हणायचे.

"तर काय? भांडी घासून येते."

"नियम मामांचा आहे."

"नियम माझ्या चुलीत घाला."

पण गेल्या नाहीत. नऊवारी खोचून एकदा बसस्टॉपपर्यंत गेल्या आणि परत आल्या, हे मला नंतर कळलं.

तोड रघुनाथरावांनी काढली, आणि आम्हा सगळ्यांना ती फार आवडली. क्वार्टरच्या समोर, रस्त्यापलीकडे एक मोठं झाड होतं. "घरांत जाऊं नये, ठीक," ते म्हणाले. "रस्ता तर सर्वांचा आहे. झाडाखाली बसूं, मामींची भजनें म्हणूं. त्यांनी ऐकावीं, न ऐकावीं. नियम मोडत नाहीं." भालेरावांनी नियम मनाशी तपासून पाहिला आणि मोडत नाही असा निर्वाळा दिला. मी चटया, हार्मोनियम आणि हातगाडी यांची व्यवस्था केली. रविवारी दुपारी, हॉलमधली उपासना लवकर आटोपून, सगळी मंडळी पेरांबूरला. मामा त्या रविवारी हॉलवर न येता घरीच होते. मामींना ताप होता.

आम्ही मामींनी शिकवलेलं भजन सुरू केलं. आमच्यात त्यांच्याइतकं वर जाणारं कुणी नव्हतं. वरच्या सुराला नर्सिंगच्या मुली थांबल्या आणि पुढे सगळंच घसरलं. कॉलनीतली पोरं जमली. शेंगदाणेवाल्यानं गाडी थांबवली. खिडक्यांतून डोकी बाहेर आली. कुणीतरी तमिळमध्ये विचारलं, कुणी मेलं का. चेल्लम्मानं दारातून, मामींच्या घराकडे बोट करून, त्या सगळ्यांना सांगायला सुरुवात केली: आत असलेल्या बाईचं तोंड कसं झालंय, हात कसा झालाय.

मामींच्या घराची खिडकी आतून बंद झाली. मग मामा बाहेर आले. हात ओले, खांद्यावर फडकं. रस्ता ओलांडून ते झाडाखाली उभे राहिले आणि भजन आपोआप थांबलं.

"आम्ही आत येत नाही, मामा," भालेराव म्हणाले. "नियम..."

"नियम!" मामांना चिडलेलं आम्ही कधीच बघितलं नव्हतं. "चार भिंतींत तिनं जे झाकून ठेवलं होतं ते तुम्ही गल्लीत मांडलंत. फाटक उघडलं नाहीत म्हणून नियम पाळला?" त्यांनी बंद खिडकीकडे हात केला. "खिडकी तिनं डाव्या हातानं लावली. सरपटत जाऊन. मला लावू दिली नाही."

रघुनाथराव मान खाली घालून उभे होते. मामांनी चटईचं एक टोक उचललं, पण त्यांना ती गुंडाळता येईना. यमुनाबाईंनी ती त्यांच्या हातातून घेतली. आम्ही परत आलो.

त्यानंतर मला दर महिन्याचा प्रश्न विचारायचं धैर्य होईना. पहिला रविवार आला आणि गेला. दुसऱ्या महिन्याचाही गेला. तिसऱ्या महिन्यात जोड्या लावून झाल्यावर मामा उठले, कोट घातला आणि दारात थांबले.

"चिटणीसबाई."

"काय मामा?"

"आमच्याकडचं विचारायचं राहून गेलं तुमच्याकडून."

मी उठून उभी राहिले. "मामींकडे येऊ का?"

"विचारतो," मामा म्हणाले. पुढच्या रविवारी उत्तर आणलं. नको.

अशी वर्षं गेली. १९६५ च्या ऑगस्टात मामा निवृत्त झाले. क्वार्टर सोडायला लागणार होतं. नेवाशाजवळच्या खेड्यात त्यांच्या धाकट्या भावाचं घर होतं, तिथे जायचं ठरलं. भाऊ कसा, भावजय कशी, तिथे मामींचं कोण करणार, यातलं काही आम्हाला ठाऊक नव्हतं आणि मामांनी सांगितलं नाही. आपल्या जागी त्यांनी यमुनाबाईंचं नाव सांगितलं.

भालेराव उडालेच. "यांना? अहो, यांना कुणी नाही म्हटलेलं सहन होत नाही."

"म्हणून तर. शिकवायला लागल्या की होईल."

"आणि माझी जोडी?"

"समेट झाला का?"

"नाही," दोघांनी सांगितलं.

"मग तुम्ही त्यांचे जोडीदार."

निघायच्या दिवशी आम्ही सेंट्रल स्टेशनवर गेलो. मामांनी मामींना गाडी फलाटाला लागताच, आमच्या बऱ्याच आधी, कारखान्यातल्या चार माणसांकडून खुर्चीवर उचलून आत नेलं होतं. डब्याची एक खिडकी खाली ओढलेली होती. मामा दारात उभे होते, तोच कोट घालून. यमुनाबाईंनी दशम्या दिल्या, रघुनाथरावांनी फिल्टरची कॉफी एका फिरकीच्या तांब्यात आणली होती. मामा प्रत्येकाला काही ना काही सांगत होते. अठरा नंबर वॉर्डातला मुलगा. तमिळ चर्चच्या राखणदाराला नाताळात धोतर. मुली रात्रपाळीला असतील तेव्हा त्यांना जोडीत धरू नये.

"मामींकडे येऊ का?" मी विचारलं. सवयीनं म्हणा, नाहीतर आता परत विचारता येणार नव्हतं म्हणून.

मामा आत गेले. परत आले. "नको म्हणते. सगळ्यांना सलाम सांगितलाय."

शिट्टी झाली. यमुनाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी दाराचा दांडा धरला. आवाज तोच, फाटकावरच्या शिपायाशी बोलतानाचा.

"मामा, मामींचं आम्हाला समजलं. त्यांना नको. तुमच्याकडे येऊ का? फक्त तुमच्याकडे."

मामा त्यांच्याकडे बघत राहिले. हा प्रश्न त्यांनी याआधी कुणाला धड पुरा करूच दिला नव्हता. गाडीला हिसका बसला. भालेरावांनी यमुनाबाईंना दंडाला धरून मागे ओढलं.

"या," मामा म्हणाले. गाडी चालू लागली होती. ते दारातून वाकले, एक खांदा खाली आलेला, आणि मोठ्यानं म्हणाले, "या की! या!"

फलाट संपेपर्यंत ते तसेच वाकलेले दिसत होते.

ही गोष्ट मागच्या पावसाळ्यातली. मामांचं एक कार्ड आलं, त्यात पत्ता आणि दोघांचा सलाम, बाकी काही नाही. आम्ही जायचं गाडी गेली त्याच संध्याकाळी ठरवलं होतं, हॉलवर परत येऊन. एकट्यानं जायचं नाही, जोडीनं. यमुनाबाईंचे गुडघे दिवाळीनंतर इतके सुजले की त्या जिना उतरत नाहीत. हॉलमधल्या सभा आता त्यांच्या घरी भरतात. भालेरावांची बदली मीरतला झाली. नर्सिंगच्या मुलींपैकी एकीचं लग्न झालं, दुसरीला रजा मिळत नाही. मला नाताळात मंजूर झालेली रजा एक्स्चेंजनं रद्द केली आणि आता उन्हाळ्यात बघू म्हणतात. रघुनाथराव तयार आहेत. त्यांची पिशवी भरलेली आहे. पण सत्तरीचे गृहस्थ आणि मी, दोघांनीच दोन दिवसांच्या प्रवासाला निघावं, हे त्यांच्या पत्नीला चालत नाही आणि माझ्या आईलाही नाही. नेवाशाच्या मंडळीला कळवून तिथल्या कुणाला पाठवावं, असंही एकदा बोलणं निघालं. यमुनाबाई म्हणाल्या, "'या' ते आपल्याला म्हणाले. त्यांना नाही."

येत्या रविवारी सभा आहे. विषय: दवाखान्याच्या जोड्या, राखणदाराचं धोतर, जे नाताळात द्यायचं होतं, आणि नेवाशाला मामांकडे कोणी जायचं. जोडी ठरायची आहे.